आमचे आबा गेले. ७१ च्या लढाईत होते. जंगी पलटणीबद्दल कुणाला माहिती आहे का?

कोयनेचा_नातू
नमस्कार मंडळी. मी इथं जास्त करून शेतीचे धागे वाचतो, लिहीत कधी नाही. आज लिहितोय कारण दुसरीकडं कुठं लिहावं ते सुचेना. गेल्या मंगळवारी पहाटे आमचे आबा गेले, म्हणजे माझे आजोबा. वय ८१. पाटण तालुक्यात कोयनेच्या अंगाला आमचं गाव. आजारी वगैरे काही नव्हते, सोमवारी संध्याकाळी म्हशीला वैरण टाकून आले, जेवले, भाकरी अर्धीच खाल्ली म्हणून आजी त्यांना बोलली पण, आणि पहाटे चारला जे रोज उठायचे ते उठले नाहीत. आजीला तेवढ्यावरनंच कळलं. तिनं त्यांना हाक पण मारली नाही, सरळ बाबांना उठवलं.

आबा १९६३ ला बेळगावला भरती झाले. चीनच्या लढाईनंतर भरती जोरात चालली होती, गावातले पाचजण मिळून गेले त्यातले दोघं घेतले, एक आबा. पंधरा वर्षं नोकरी करून १९७८ ला नायक म्हणून पेन्शनवर आले. मग काही वर्षं कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटी, मग शेतीच. म्हातारपणातसुद्धा रोज दाढी, रोज पांघरुणाची घडी कोपऱ्याला कोपरा लावून. आम्ही नातवंडं सुट्टीला गेलो की आमच्या पण घड्या बघायचे, वाकडी दिसली की काही न बोलता उलगडून टाकायचे. बास. मग आपण परत घालायची.

लढाईबद्दल मात्र त्यांनी आयुष्यभरात तीन-चारच गोष्टी सांगितल्या असतील आणि त्या पण तुकड्या तुकड्यात. एक म्हणजे लय मोठी नदी होती, रात्री नावेतनं उतरले, डिसेंबरची थंडी, कापडं अंगावरच वाळवली आणि पिशवीतले शक्करपारे भिजून त्याचा लगदा झाला तो लगदाच दोन दिवस खाल्ला. दुसरी म्हणजे रस्त्याच्या कडेला खड्डे खणून अंधारात बसले होते, हुकूम येईपर्यंत गोळी चालवायची नाही, आणि पलीकडनं माणसं बोलत येतायत असा आवाज आला. "त्यांचं बोलणं ऐकू येत हुतं रं," एवढं म्हणायचे आणि उठून जायचे. पुढं काय झालं ते मी लहानपणी किती वेळा विचारलं असेल, कधी सांगितलं नाही. आणि तिसरी गोष्ट आम्हाला लहानपणी फार आवडायची, ती म्हणजे एके दिवशी आभाळातनं माणसं पडली आणि ती मराठी बोलत होती. आम्हाला वाटायचं पोरांना रमवायला सांगतात.

त्यांची एक काळी पत्र्याची ट्रंक आहे, झाकणावर पांढऱ्या रंगानं नाव आणि नंबर, नावातली मधली अक्षरं उडाली पण नंबर सगळा शाबूत आहे. आत डिस्चार्ज बुक, हिरवी टोपी, शिवणाची सुई आणि खाकी दोरा, आणि एका जुन्या लोकरी मोज्यात गुंडाळलेली चार मेडलं. पलटणीचं नाव विचारलं की ते नुसतं "आमची जंगी" म्हणायचे. आता वाटतं मोबाइल समोर धरून सगळं बोलून घ्यायला पाहिजे होतं, दोन वर्षांपूर्वी पण डोक्यात आलं होतं, दिवाळीत करू म्हणालो आणि राहिलं. कुणाला या जंगीबद्दल माहिती असेल तर सांगा. ही नदी कुठली, हे गाव कुठलं.

भिलारची_स्ट्रॉबेरी
भावपूर्ण श्रद्धांजली. आजींना सांभाळा.

माणदेशी
दादा, वाचून गलबलून आलं. आमच्या माण-खटावात पाऊस नाही म्हणून घरटी एक पोरगा फौजेत, त्यामुळं असली ट्रंक बघितली नाही असं घर सापडायचं नाही. आमच्या चुलत्यांची आहे, त्यात आता काकू तांदूळ भरतात पण नंबर पुसू देत नाहीत.
एक करा, मेडलं नीट बघा. गोल मेडल असेल तर त्याच्या कडेवर बारीक अक्षरात नंबर, हुद्दा, नाव कोरलेलं असतं, भिंग घेऊन बघा. ताऱ्याच्या आकाराचं एक असेल तर ७१ ला पूर्वेच्या आघाडीवर होते त्यांना पूर्वी स्टार मिळाला, पश्चिमेला होते त्यांना पश्चिमी स्टार. आणि ब्रासो लावून घासू नका हो, आमच्याकडं पोरांनी हौसेनं घासून घासून अक्षरं बोथट केली. मऊ कापडानं पुसायचं फक्त.

जुना_सुभेदार
कोयनेचा नातू, तुमच्या आबांना माझा सॅल्यूट. मी मराठा लाइट इन्फन्ट्रीतनंच सुभेदार म्हणून रिटायर झालो. ७१ ला मी शाळेत होतो त्यामुळं डोळ्यांनी बघितलेलं सांगत नाही, पण पलटणीचा इतिहास आम्हाला बेळगावला ट्रेनिंगमध्येच पाठ करून घेतात आणि जुन्या लोकांकडनं ऐकलंय पण पुष्कळ.

जंगी पलटण म्हणजे पहिली मराठा. १७६८ ची पलटण आहे. तुम्ही जी लय मोठी नदी म्हणता ती ब्रह्मपुत्रा, आणि गाव जमालपूर. मला तुमचा मजकूर वाचता वाचताच कळलं.

झालं असं की ७१ ला पहिली मराठा ९५ माउंटन ब्रिगेडमध्ये होती, ब्रिगेडियर हरदेव सिंग क्लेर, आणि पलटणीचे सीओ, म्हणजे कमांडिंग ऑफिसर, लेफ्टनंट कर्नल के. एस. ब्रार. मेघालयाच्या अंगानं ही ब्रिगेड खाली पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आताच्या बांगलादेशात उतरली. सरहद्दीवरची कमालपूरची चौकी ४ डिसेंबरला शरण आली, मग बक्षीगंज, आणि मग जमालपूर. जमालपूर नदीच्या दक्षिण काठावर, तिथं पाकिस्तानची ३१ बलुच पलटण पक्के मोर्चे बांधून बसलेली. समोरनं नदी उतरून गेलं असतं तर माणसं हकनाक गेली असती, म्हणून नदी दुसरीकडनं ओलांडून, वळसा मारून त्यांच्या पाठीमागं जाऊन बसायचं ठरलं, जमालपूरवरनं टांगाइल आणि पुढं ढाक्याला जो रस्ता जातो त्या रस्त्यावरच. तुमच्या आबांचे शक्करपारे भिजले ते या वळशात. गाड्या पलीकडं नेता येत नव्हत्या, जे होतं ते पाठीवर आणि गावच्या लोकांनी जी मदत केली त्यावर.

९ तारखेला ब्रिगेडियर साहेबांनी शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली, मुक्तिवाहिनीचा, म्हणजे आपल्या बाजूनं लढणाऱ्या तिथल्या बंगाली लोकांच्या फौजेचा, एक माणूस ती घेऊन गेला. उलटी चिठ्ठी आली त्यात बंदुकीची गोळी गुंडाळलेली. पेन टाका आणि स्टेनगन घेऊन भेटा असा मजकूर. मग १० च्या रात्री त्यांनी जमालपूर सोडून मागच्या रस्त्यानं निसटायचा प्रयत्न केला, आणि तो रस्ता धरून बसली होती जंगी. तुमच्या आबांना अंधारात जे बोलणं ऐकू आलं ते हेच. रस्त्यानं रांगेत येणारी माणसं होती ती. हुकूम येईपर्यंत गोळी न चालवता अंधारात बसणं म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक, हाताची बोटं गारठलेली, शेजारच्याच्या श्वासाचा आवाज येतो, आणि आपलाच श्वास आपल्याला मोठा वाटायला लागतो. रात्रभर चाललं ते. त्यांची फार माणसं गेली, आपली पण गेली. ११ ला सकाळी जमालपुरात जे राहिले होते ते शरण आले. जमालपूर हे नाव पलटणीला बॅटल ऑनर, म्हणजे लढाईचा मान म्हणून मिळालं.

आता तुमची तिसरी गोष्ट, आभाळातनं पडलेली मराठी माणसं. पोरांना रमवायला नव्हती ती. ११ डिसेंबरलाच दुपारनंतर टांगाइलला आपली दुसरी पॅरा, म्हणजे छत्रीनं उतरणारी पलटण, विमानातनं उतरवली, आणि दुसऱ्या दिवशी, १२ ला संध्याकाळी पुंगली पुलाजवळ तिची आणि पहिल्या मराठाची गाठ पडली. ही दुसरी पॅरा मूळची कोण म्हणाल तर तिसरी मराठा! १९५२ ला ती पलटण पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली. परक्या मुलखात, आठ-दहा दिवस नीट झोप नाही, आणि समोर छत्रीवाला येऊन मराठीत बोलतो. तुमचे आबा नशीबवान, हे बघायला मिळालं त्यांना. पुढं १६ तारखेला ढाक्यात पहिली शिरली ती पण दुसरी पॅराच.

कोयनेचा_नातू
सुभेदार साहेब, तुमचं लिहिलेलं मी बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. बाबा ओसरीवर बसून ऐकत होते, नदीचं नाव आलं तसे उठून आत गेले, मग परत येऊन म्हणाले पुन्हा वाच.

पण मला दुसऱ्याच गोष्टीनं धक्का बसला. तुम्ही ११ डिसेंबर लिहिलंय. आमच्या घरात ११ डिसेंबर वेगळ्याच कारणानं पाळतात. कोयनेचा भूकंप झाला तो ११ डिसेंबर १९६७, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी. आमच्याकडं कुणालाही विचारा, मिनिटासकट सांगतील. आबांची आई त्यात गेली, घराची मागची भिंत आली तिच्या अंगावर. आबा तेव्हा नोकरीवर होते, तार पोचून रजा मंजूर होऊन येईपर्यंत सगळं आटोपलं होतं, आईचं तोंड पण बघायला मिळालं नाही. तेव्हापासून दर वर्षी ११ डिसेंबरला पहाटे आबा अंगणात तुळशीपाशी पणत्या लावायचे. दोन पणत्या. आम्ही कायम समजत आलो की एक आईची आणि दुसरी भूकंपात गेलेल्या गावातल्या बाकीच्यांची. तसं कुणी सांगितलेलं नाही, आपलं आम्हीच ठरवून टाकलेलं.

आज आजीला विचारलं. आजीचं बोलणं आहे तसं लिहितो. म्हणाली, "म्या इचारलं हुतं एकदा, तुजा बाप पाळण्यात हुता तवा. म्हनले, एक घरातली, एक भायली. म्या फुडं काय इचारलं न्हाय."

चार वर्षांच्या अंतरानं तीच तारीख आणि तीच पहाटेची वेळ. सुभेदार साहेब, ती बाहेरची पणती कुणाची असेल?

जुना_सुभेदार
हे मी सांगू शकत नाही हो. पलटणीतला जोडीदार असेल. शेजारच्या मोर्चातला कोण असेल. जे बोलत बोलत रस्त्यानं आले त्यांच्यासाठी पण असेल, मी असे जवान बघितलेत. ज्याचं त्याला.

वाईकर_७७
श्रद्धांजली. पण मला एक कळत नाही, एवढ्या मोठ्या लढाईतला माणूस, अंत्यविधीला मानवंदना वगैरे झाली का? कुणी अधिकारी आले होते का? तिरंगा तरी होता का पार्थिवावर? आपल्याकडं पुढारी गेला की गावभर फ्लेक्स लागतात आणि असल्या माणसाला नदीकाठी गपचूप नेतात. डोकं फिरतं.

कोयनेचा_नातू
दादा, ते पण सांगायचंच होतं कारण घरात त्यावरनं थोडी कुरबूर झाली. माझा धाकटा भाऊ आणि तालमीतली पोरं ग्रामपंचायतीतनं तिरंगा घेऊन आली, अंगावर घालायचा म्हणून. शेजारच्या गावचे एक रिटायर्ड हवालदार आले होते, त्यांनी हात धरून अडवलं. भाऊ तापला, म्हणाला आमच्या आबांनी देशासाठी रक्त आटवलं आणि तुम्ही झेंडा नको म्हणता. ते हवालदार काका एकदम शांत आवाजात म्हणाले, बाळा, त्यांना इचारलं असतंस तर त्यांनीच तुला नको म्हणून सांगितलं असतं. मग त्यांनी ट्रंकेतली हिरवी टोपी मागवली, आबांच्या छातीवर ठेवली, आजूबाजूच्या गावांतनं आलेले अकरा-बाराजण माजी सैनिक होते ते कुणी न सांगता एका रांगेत उभे राहिले, एक तर काठी घेऊन आले होते त्यांनी काठी खाली ठेवली. सावधान म्हटल्यावर त्या वयात सगळ्यांचे पाय एकदम जुळले तो आवाज माझ्या कानातनं जात नाही. सॅल्यूट झाला, मग टोपी काढून काकांनी आजीच्या हातात दिली आणि मग अग्नी दिला.
भाऊ अजून थोडा नाराज आहे. त्याचं पण चुकीचं कसं म्हणू.

माणदेशी
हवालदार काकांचं बरोबर आहे. ध्वजसंहितेप्रमाणं शासकीय, लष्करी किंवा निमलष्करी दलांच्या अंत्यविधीतच झेंडा पार्थिवावर घालता येतो, आपण आपल्या मनानं घालायचा नसतो, आणि जिथं घालतात तिथं सुद्धा तो चितेत जाऊ द्यायचा नाही, आधी काढून घ्यायचा. धाकट्याला सांगा, ज्या माणसानं पांघरुणाची घडी वाकडी चालू दिली नाही त्याच्या अंगावर नियम मोडून झेंडा कसा घालायचा. आणि रांगेत उभे राहिलेले ते बाराजण, ती खरी मानवंदना. कोणी बोलवलं नव्हतं त्यांना.

वाईकर_७७
मान्य. हे मला माहीत नव्हतं. पण अधिकारी यायला पाहिजे होते हे माझं मत कायम आहे.

अपशिंगेकर
आबांना अभिवादन. आमचं गाव मिलिटरी अपशिंगे, साताऱ्यापासनं जवळच, नाव ऐकलं असेल. पहिल्या महायुद्धात आमच्या एका गावातले ४६ जण गेले, इंग्रजांनी उभारलेला स्तंभ गावात आहे. लहानपणापासनं आम्ही त्या स्तंभाजवळ खेळलो. पण खरं सांगू का, ४६ हा आकडा गावातल्या प्रत्येकाला पाठ आहे, त्या ४६ जणांतल्या किती जणांची एखादी गोष्ट आम्हाला माहिती आहे असं विचारलं तर मान खाली घालावी लागेल. मराठा पलटणी तेव्हा मेसोपोटेमियात होत्या, म्हणजे आताचं इराक. कूत म्हणून गाव आहे टायग्रिसच्या काठी, तिथं १४७ दिवस वेढ्यात अडकले, घोडी कापून खायची वेळ आली आणि २९ एप्रिल १९१६ ला शरण जावं लागलं. त्यानंतर कैदेत चालवत नेताना किती गेले. त्यांच्या बायका इथं वाट बघत बसल्या, ना पत्र ना काही.
म्हणून म्हणतो, तुमच्याकडं तीन गोष्टी आहेत आणि एक पणती आहे. आमच्याकडं नुसता आकडा राहिलाय. लिहून ठेवा सगळं.
ज्यांचे पणजोबा पहिल्या-दुसऱ्या महायुद्धात गेले त्यांनी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाइटवर नाव टाकून बघा, बसरा मेमोरियलच्या यादीत आपल्याकडची पुष्कळ नावं आहेत. स्पेलिंग मात्र साहेबानं जसं ऐकलं तसं लिहिलंय, पाच-सहा प्रकारे टाकून बघावं लागतं.

मावळतीचं_ऊन
सगळ्यांची माफी मागून वेगळं बोलते. ज्या माणसानं पन्नास वर्षं एक गोष्ट बोलायची टाळली, ती आपण त्यांच्या माघारी खणून काढायची का? माझे वडील कारगिलला होते. आई सांगायची त्यांना काही विचारू नका. आम्ही विचारलं नाही. ते गेले तेव्हा मला वाटलं की आम्ही त्यांना निदान ती एक मोकळीक दिली, घरात तरी त्यांना कुणी परत तिकडं नेलं नाही. पणती कुणाची होती हे आजींनी पुढं विचारलं नाही यात आजींचं किती मोठं मन आहे ते बघा ना.

अपशिंगेकर
ताई, तुमचं म्हणणं पटतं. पण विचारणं वेगळं आणि त्यांनी आपणहून जे दिलं ते सांभाळणं वेगळं. शक्करपाऱ्याची गोष्ट त्यांनी नातवाला दिली आहे, ती त्याचीच आहे.

कोयनेचा_नातू
ताई, मी दोन दिवस तुमच्या ओळींवर विचार करतोय. मला पण आता बाहेरच्या पणतीचा शोध घ्यावा असं वाटत नाही. जमालपूर कळलं, नदी कळली, तेवढं पुरे. पलटणीचे जुने लोक कुठं भेटतील का म्हणून मी बेळगावला जायच्या विचारात होतो, आता गेलो तरी नुसतं भेटायला जाईन.

कृष्णाकाठची
मी सांगली जिल्ह्यातली, पलूस भाग. माझे आजोबा पण मराठा पलटणीत होते. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात आमच्या घरात माळ्याच्या खाली हातभर एवढं पाणी होतं, कपाट गेलं, ट्रंक गेली नाही कारण पत्र्याची, पण आत पाणी शिरलं. डिस्चार्ज बुक, दोन फोटो, आजीला लिहिलेली पत्रं, सगळ्याचा एक गठ्ठा झाला. आम्ही घाईनं उन्हात वाळत घातलं आणि तिथंच चुकलो, फोटो एकमेकांना चिकटून आजोबांचा चेहराच निघून आला. नंतर एका ग्रंथालयातल्या बाईंनी सांगितलं की ओलं असताना ओढून सुटं करायचं नाही, सावलीत पंख्याखाली, पानांच्या मधे साधा कोरा कागद घालून हळूहळू वाळवायचं, वर्तमानपत्राचा कागद नाही घालायचा त्याची शाई उतरते.
तुमचं गाव पण नदीकाठचं आहे म्हणून सांगते, डिस्चार्ज बुकाच्या प्रत्येक पानाचा आजच मोबाइलवर फोटो काढा आणि तीन-चार भावंडांकडं पाठवून ठेवा. उद्यावर टाकू नका. आमच्याकडं आजोबांचा फौजेतला एकही फोटो आता नाही, आईला ते गणवेशात कसे दिसायचे हे आठवतंय आणि मला नाही.

पेन्शनचं_काम
मी या खात्यात बरीच वर्षं काम केलंय म्हणून कामाचं सांगतो, दुःखात हे मागं राहतं आणि मग बायामाणसांचे हाल होतात. आबांची पेन्शन स्पर्शवर, म्हणजे फौजेच्या पेन्शनच्या ऑनलाइन यंत्रणेवर असेल, मृत्यूची नोंद लवकर करा, मृत्यू दाखल्याच्या आठ-दहा प्रती काढून ठेवा. आबांच्या खात्यातनं या महिन्यानंतर जमा होईल ती पेन्शन एटीएमनं काढू नका, नंतर वसूल करतात आणि फॅमिली पेन्शन त्यातच अडकते. आजींची फॅमिली पेन्शन लागायला मुख्य अडचण येते ती नावाची. आपल्याकडं लग्नात नाव बदलायची पद्धत, त्यामुळं रेकॉर्डला एक नाव, आधारला दुसरं, जन्मतारीख तर कुठंच जुळत नाही. तसं असेल तर प्रतिज्ञापत्र करून, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातनं बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला कागद पाठवावे लागतात. साताऱ्याच्या कार्यालयात आजींना घेऊन जा, एजंटाला पैसे देऊ नका. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या दवाखान्याच्या योजनेचं कार्ड पण बदलून घ्या, आजींचे उपचार त्यावरच आहेत.

कोयनेचा_नातू
काका, तुम्ही म्हणालात तेच झालंय, आजीचं रेकॉर्डला माहेरचं नाव आहे आणि आधारला सासरचं. आबांनी लग्नाची नोंद केली तेव्हा त्यांनी माहेरचंच नाव का सांगितलं कुणास ठाऊक, आजी म्हणते ते मला कायम त्याच नावानं हाक मारायचे.
मागच्या नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला एका बँकेत आबांचे बोटांचे ठसे मशीनवर उमटेनात. आयुष्यभर मातीत हात, रेघाच राहिल्या नव्हत्या. तिथल्या माणसानं चारचौघांत "आजोबा, हात धुऊन येत जावा" म्हटलं. आबा काही बोलले नाहीत, बाहेर नळावर जाऊन खरंच हात धुऊन आले. मला ते आठवलं की अजून घशात अडकतं. नंतर कळलं की मोबाइलवर चेहरा दाखवून पण दाखला होतो. तुमच्या घरात कुणी म्हातारं असेल तर त्यांना रांगेत उभं करू नका, घरीच होतं ते काम.

कोयनेचा_नातू
बाराव्या-तेराव्याचं सगळं उरकलं. फोटो काढले सगळ्या पानांचे, कृष्णाकाठच्या ताई. गोल मेडलच्या कडेवर नंबर आणि नाव सापडलं, माणदेशी दादा, भिंगातनं भावानं वाचलं. तो आता शांत आहे. ट्रंकेवरची उडालेली अक्षरं रंगवून काढायची म्हणत होता, नको म्हणालो, आहे तशी राहू दे.

काल आजीला घेऊन साताऱ्याला गेलो होतो. पायरी चढताना ती माझ्या खांद्याला धरून चालली, लाल काठाचं लुगडं नेसली होती, आबांची टोपी पिशवीत बरोबर घेतली होती, का ते विचारलं नाही. आत टेबलावरच्या साहेबांनी कागद चाळले आणि म्हणाले आर्मी नंबर सांगा. मी पिशवीत डिस्चार्ज बुक शोधायला लागलो. तेवढ्यात आजी बोलायला लागली. आजीला लिहिता-वाचता येत नाही, सही पण अंगठ्याची. पण तिनं सत्तावीसपासनं सुरू करून सगळा नंबर सांगितला, इंग्रजी आकड्यांत, टू सेव्हन असा, आणि न थांबता पुढं हुद्दा, नाव, फर्स्ट मराठा एल आय, केअर ऑफ नाइन्टी नाइन एपीओ. गावातल्या मास्तरांकडनं आबांना पत्र लिहून घेताना दर वेळी पत्ता सांगावा लागायचा, तो पाठ झालेला. ७१ च्या डिसेंबरात म्हणे आठवड्याला दोन पत्रं लिहून घ्यायची आणि एकाचंही उत्तर येत नव्हतं.

साहेब लिहायचे थांबले आणि उठून उभे राहिले. आजीला वाटलं काहीतरी चुकलं, तिनं परत पहिल्यापासनं सांगायला सुरुवात केली.